नवख्या सभासदाचा हिशेब

विधिमंडळात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या सभासदाला वडीलधाऱ्यांकडून बहुधा एकच सल्ला मिळतो : काही दिवस गप्प बसा, सभागृहाचे रीतिरिवाज पाहा आणि मग बोला. सल्ला शहाणपणाचा आहे. पण तो पाळता पाळता पुष्कळांची सारी कारकीर्द सरते. पहिल्या अधिवेशनात संकोच, दुसऱ्यात पक्षाचा आदेश आणि पुढे सवय, असे होत होत नवा सभासद जुना होतो आणि त्याच्या नावावर हजेरीपलीकडे फारसे काही उरत नाही. नव्या सभासदाने काय करावे, याचा धडा ज्यांना हवा असेल त्यांना त्यासाठी वेस्टमिन्स्टरला जाण्याचे कारण नाही. तो जुन्या मुंबई कायदे कौन्सिलच्या १९२७ आणि १९२८ सालच्या कामकाजात नोंदलेला आहे.

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी या कौन्सिलात सभासदत्वाची शपथ घेतली. त्यांचे वय तेव्हा ३५ वर्षांचे होते. ते निवडून आलेले नव्हते; दलित वर्गांच्या वतीने सरकारने ज्या दोघांची नेमणूक केली त्यांपैकी ते एक. दुसरे डॉ. पी. जी. सोळंकी. पाठीशी पक्ष नाही, सभागृहात हुकमी मते नाहीत आणि नेमणूक सरकारच्या हातची! अशा सभासदाने सरकारची मर्जी सांभाळून अधूनमधून आपल्या समाजाचे गाऱ्हाणे मांडावे, एवढीच अपेक्षा कोणी केली असती तर ते स्वाभाविक ठरले असते. शपथविधीनंतर सहाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ते अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले; आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले नाही, हिशेब मागितला.

तो हिशेब मागण्याचा अधिकार त्यांनी अभ्यासाने कमावलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांतील विषमतेवर बोट ठेवले. प्राप्तिकर द्यावा लागतो तो उत्पन्न झाले तरच आणि तेही ठरावीक मर्यादेच्या वर गेले तर. शेतकऱ्याला मात्र, त्याचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असो, शेतसाऱ्यातून सुटका नाही. व्यापारी वा वकील यांना जी सवलत न मागता मिळते, ती एक-दोन एकरांच्या धन्याला मागूनही मिळत नाही. सामाजिक न्यायाचा प्रश्न करवसुलीच्या पद्धतीतच दडलेला असतो, ही गोष्ट या नवख्या सभासदाने पहिल्याच भाषणात सभागृहापुढे ठेवली.

यानंतर पंधरवड्याने, १२ मार्चला, शिक्षणखात्याच्या अनुदानावर चर्चा झाली. त्या दिवशीचे त्यांचे भाषण शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे असे आहे. मुंबई इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि अबकारी कराच्या रूपाने माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल होतात. जेवढे दारूवर घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी दाखवून दिले. कला महाविद्यालयांच्या खर्चाचे ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चाचे ३१ टक्के आणि त्याखालच्या शाळांच्या खर्चाचे २६ टक्के विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतात, याकडे लक्ष वेधून हा शिक्षणाचा व्यापार असल्याचे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. मागासवर्गीय लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकाचे, पण शिक्षणात चौथ्या म्हणजे शेवटच्या क्रमांकाचे, ही विसंगतीही त्यांनी उघड केली. यांतला एकही आकडा त्यांच्या कल्पनेतला नव्हता. सरकारी अहवाल सर्वच सभासदांना उपलब्ध होते. ते वाचण्याचे आणि दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट मात्र त्यांनी घेतले.

या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच सभासद महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता. कौन्सिलने संमत केलेला ठराव तळ्याच्या काठापर्यंत पोहोचायला साडेतीन वर्षे पुरली नव्हती. सभागृहातील शब्द आणि बाहेरील वास्तव यांतील हे अंतर ज्याने स्वतः चालून मोजले, त्याच्या भाषणांना पोकळ वक्तृत्वाची गरज भासली नाही, यात नवल नाही.

पुढील वर्षी २८ जुलै १९२८ रोजी कारखान्यांतील स्त्री-कामगारांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली. विधेयक असवले यांचे होते. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. आणि त्यातूनच त्यांनी असा निष्कर्ष काढला की, हित जर राष्ट्राचे असेल तर खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे. मालकाची जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ साली कायदा झाला. पण भार पडला तो केवळ मालकांवर. सरकारने उचलावयाचा वाटा कागदावरही आला नाही.

आंबेडकरांचे स्वतःचे विधेयकही तडीस गेले नाही. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. तुटपुंज्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात महार वतनदाराला रात्री-अपरात्री सरकारी कामाला जुंपणारी ही पद्धत म्हणजे कायद्याने टिकवून धरलेली वेठबिगारच होती. ज्याला या सेवेतून मुक्त व्हायचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे व्हावे, असा मार्ग विधेयकात होता. ते प्रवर समितीकडे गेले. आणि १९२९ च्या जुलैत ते मागे घेण्याची पाळी त्यांच्यावर आली. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तो दिवस पाहायला आंबेडकर हयात नव्हते.

यावर असा आक्षेप संभवतो की, ज्याचे विधेयक बुडाले आणि ज्याच्या सूचना मानल्या गेल्या नाहीत त्याच्या भाषणांचे मोल ते काय? शिवाय, आंबेडकरांची विद्वत्ता आणि प्रतिभा प्रत्येक सभासदाकडून कशी अपेक्षावी? दुसरा आक्षेप आधी पाहू. प्रतिभा वाटून देता येत नाही हे खरे. पण अहवाल वाचण्यास प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर १९५८ च्या कायद्यातच आहे. सभागृहात एकदा नीट मांडलेला प्रश्न मतदानात हरला तरी नोंदीतून पुसला जात नाही. तीस वर्षांनी का होईना, राज्यकर्त्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागते.

आजच्या सभासदाची वाट अधिक अवघड झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. खासगी सभासदाचे विधेयक संसदेत संमत होण्याची घटना १९७० नंतर घडलेली नाही. त्यापूर्वीही अशी अवघी १४ विधेयके कायद्याच्या पुस्तकात गेली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आयाराम-गयारामांना आळा घालण्याचा हेतू योग्यच होता. पण त्याबरोबर सभासदाचे मतही पक्षाच्या आदेशाला बांधले गेले. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. पक्षादेश मतावर चालतो, प्रश्नावर नव्हे. कोणाकडून किती घेतले आणि कोणाला किती दिले, हे विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे. १९६१ च्या कायद्यातील प्रसूतिरजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण तिचा खर्च पुन्हा मालकाच्याच माथी मारण्यात आला. परिणामी, तरुण स्त्रीला नोकरी देतानाच हात आखडता घेण्याचा मोह मालकाला होतो. दुसरीकडे शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ना पगारी रजा, ना मालकाची हमी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचे आश्वासन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी प्रत्यक्षात ५,००० रुपये आणि तेही हप्त्यांनी ठरविण्यात आले. १९२८ चे विधेयक कारखान्यांपुरते होते आणि ती मर्यादा आंबेडकरांनी मान्य केली होती. पण त्यांनी सांगितलेले तत्त्व कारखान्याच्या फाटकाशी थांबणारे नव्हते. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असेल, तर उसाच्या फडातली माता त्या राष्ट्राबाहेरची कशी ठरते? हा प्रश्न सभागृहात आकड्यांनिशी आणि पुनःपुन्हा विचारला जावयास हवा.

कौन्सिलातील ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केली. पुतळ्यांना हार घालणाऱ्या किती लोकप्रतिनिधींनी तो खंड उघडला असेल, हा शोधाचा विषय आहे. परंतु मतदारानेही आपल्या प्रतिनिधीचे मोजमाप लग्न-बारशाच्या हजेरीवरून आणि रस्त्यावरच्या फलकांवरून करण्याचे आता थांबवावे. अधिवेशन संपवून परतलेल्या सभासदाला गावातल्या शिक्षकाने, कचेरीतल्या कारकुनाने, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे की, या खेपेस आमच्या वतीने आपण कोणता हिशेब मागितला? असे विचारणारे वाढले, तर नवखे सभासद गप्प बसण्याचा सल्ला फार काळ पाळू शकणार नाहीत.