वस्तीवरच्या कुत्रीची नसबंदी: कायदा मालक शोधतो, गावात मालकच सापडत नाही

भटक्या कुत्र्यांवरून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे झालं, ते गावागावात मोबाईलवर पाहिलं गेलं. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. 22 ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री मात्र सोडायची नाहीत. प्रकरणात सगळी राज्यंही आली. पण ही सगळी चर्चा शहरातल्या कुत्र्याची होती.

गावातलं कुत्रं ना धड पाळीव, ना धड भटकं. भाकरी एका घरची, राखण चार घरांची, गळ्यात पट्टा नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी काम वाटून दिलंय: पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकाने करायची, रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक संस्थेने, म्हणजे गावात ग्रामपंचायतीने. अडचण इथंच आहे. राखणीला कुत्रं आपलं असतं, कुणाला चावलं की ते कुणाचंच नसतं. आणि पंचायतीकडे ना शस्त्रक्रियेची सोय, ना पिंजरे, ना त्यासाठी वेगळा पैसा.

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. त्यातले नर लोक मागून नेतात. माद्या उकिरड्यावर सोडल्या जातात आणि पुढच्या वर्षी त्याच वितात. त्यामुळे ‘आपली एकच तर आहे’ हा हिशोब खोटा ठरतो.

नसबंदी केली की कुत्रं राखण सोडतं, ही भीती जवळपास प्रत्येक वस्तीवर ऐकू येते. खच्ची केलेला बैल नांगर ओढायचा थांबतो का? अनोळखी माणसावर भुंकणं हे आपली जागा राखण्याच्या सवयीतून येतं, ते जात नाही. नराचं माजावरच्या कुत्रीमागं गावभर हिंडणं आणि मारामाऱ्या मात्र कमी होतात. कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही. वजन वाढू शकतं, तेव्हा भाकरीचा अंदाज ठेवावा लागतो.

जुन्नर-अकोलेच्या ऊसपट्ट्यात आणखी एक बाजू आहे. अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यात मोठा निघाला होता. घरामागं व्यालेली कुत्री आणि तिची पिल्लं म्हणजे बिबट्याला अंगणापर्यंत आमंत्रणच.

तरीही नसबंदीला नाही म्हणणारा प्रत्येक जण अडाणी नसतो. कुत्रीची नसबंदी म्हणजे भूल देऊन पोट उघडणं. ते पदवीधर डॉक्टरचंच काम आहे, आणि गावच्या दवाखान्यात असा डॉक्टर रोज असेलच असं नाही. तालुक्याला न्यायचं तर गाडीभाडं आणि एक रोज बुडतो. नंतर आठ-दहा दिवस कुत्री कोरड्या जागी बांधून ठेवायची, टाके चाटू द्यायचे नाहीत. पावसाळ्यात, चिखलातल्या वस्तीवर हे अवघडच. म्हणून सुगी आटोपल्यावरचे कोरडे दिवस बरे. पंचायतीने ग्रामसभेत ठराव करून एका दिवशी पाच-सहा वस्त्यांची कुत्री एकाच टेम्पोतून नेली, तर खर्चाचा भार निम्म्याहून खाली येईल. यावर ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

नसबंदी झाली म्हणजे रेबीज टळला, असं मात्र नाही. शेजारचा गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तो मुख्यतः वर्षानुवर्षे कुत्र्यांना सामूहिक लस टोचल्यामुळे. लस दरवर्षी लागते, नसबंदी एकदाच.

नियमानुसार रस्त्यावरच्या सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाची नसबंदी करत नाहीत, आणि दूध पाजणारी कुत्री पिल्लं तुटेपर्यंत उचलत नाहीत. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराची खाच असते. ती दिसली तर त्या कुत्र्याला पुन्हा पकडून न्यायची गरज नाही.