गाडी आपली, मग विमा शोरूमच्या मर्जीचा का?

चाकणच्या लाईनवर गाड्या जोडायच्या आपण, आणि चिंचवडच्या शोरूममध्ये तीच गाडी घेताना विमा कुणाचा हे ठरवणार सेल्समन! "बाहेरून घेतलात तर डिस्काउंट नाही, कॅशलेस पण नाही." अहो, कॅशलेस विमा कंपनी आणि गॅरेजच्या करारावर मिळतं, शोरूमच्या मेहरबानीवर नाही.

थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं, तो कुठल्याही कंपनीत सारखाच. फरक पडतो ओन डॅमेजमध्ये, आणि नेमकी तिथेच तुलना करू देत नाहीत. 2017 पासून आयआरडीएआयचा नियम आहे: डीलरने विमा विकावा, सक्ती करू नये. पाळतंय कोण?

आणि पाळतील तरी कशाला? केरळच्या आरोग्य विम्याच्या टेंडरमध्ये संगनमत केलं म्हणून स्पर्धा आयोगाने 2015 मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांना सुमारे 671 कोटींचा दंड ठोकला. अपिलात संगनमत कायम राहिलं, दंड मात्र 2 कोटींच्या आसपास आला. एवढ्याला कोण घाबरतो?

2023 च्या दुरुस्तीनंतर दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीवर मोजता येतो. हत्यार आहे, तर आयोगाने शोरूमच्या काऊंटरकडेही बघावं. एका वस्तूसोबत दुसरी गळ्यात मारणं हा स्पर्धा कायद्याचाच विषय आहे.

तोवर आपण एवढं करू: विम्याची रक्कम वेगळी लिहून मागा, बाहेरची दोन कोटेशन हातात ठेवा. सक्ती केली तर म्हणा, "हेच लेटरहेडवर द्या." बघा मग सूर कसा बदलतो ते.