लाठीने झालेली अटक

तुकाराम गोपाळ ओंबळे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण हे पाच पोलिस जिल्हे ज्या कोल्हापूर परिक्षेत्रात मोडतात, त्याच्याच हद्दीतले हे गाव. ओंबळे यांची पोलिसातली नोकरी मात्र मुंबईत झाली, आणि त्यात नवल काही नाही. जावळी-पाटणच्या डोंगरपट्ट्यातली शेती कुटुंबाला पुरत नाही. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या लष्करात, माथाडीकामात किंवा मुंबईच्या नोकरीत गेली. ओंबळे आधी लष्कराच्या सिग्नल विभागात होते. तिथली सेवा संपवून १९९१ मध्ये ते मुंबई पोलिस दलात आले. २००८ मध्ये ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलिस ठाण्यात सहायक फौजदार होते.

सहायक फौजदार हे शिपाई म्हणून भरती झालेल्याला उतारवयात मिळणारे पद. बंदोबस्त, समन्स बजावणे, रात्रपाळी, मोर्चा, गणपती विसर्जन आणि नाकाबंदी असे त्याच्या कामाचे स्वरूप. या कामाच्या बातम्या होत नाहीत, चित्रपट तर नाहीतच. चित्रपट निघतात ते चकमकींवर.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी अजमल कसाब आणि अबू इस्माईल यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर प्रवाशांवर बेछूट गोळीबार केला. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पोलिसांचीच गाडी पळवून दोघे निघाले. तिचे चाक बसल्यावर त्यांनी वाटेत एक स्कोडा मोटार हिसकावली. नियंत्रण कक्षाने बिनतारी संदेशावर त्या मोटारीची खबर दिली, आणि मध्यरात्रीनंतर ती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपुढे येऊन थांबली. आतले दिसू नये म्हणून चालकाने दिवे प्रखर केले, काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले. मग गाडी वळवण्याच्या नादात ती दुभाजकावर आदळली. पोलिसांच्या गोळीबारात इस्माईल पडला. दुसऱ्या बाजूने कसाब उतरला. त्याच्या हाती एके-४७ होती, ओंबळे यांच्या हाती लाठी. ओंबळे यांनी पुढे होऊन रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरत राहिल्या. पकड सुटेपर्यंत सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केले होते. सहायक निरीक्षक संजय गोविलकर या झटापटीत जखमी झाले. ओंबळे वाचले नाहीत.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा ‘बलिदान’ या शब्दावर थांबते. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण ओंबळे यांनी केले ते पोलिसाचे सर्वांत मूलभूत काम होते. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगते की, माणूस स्वतःहून ताब्यात येत नसेल तर अटक करणाऱ्याने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा ते अडवून ठेवले पाहिजे. कायद्याच्या पुस्तकातले हे कोरडे वाक्य चौपाटीवर अक्षरशः अमलात आले.

त्या अटकेचे मोल पुढच्या चार वर्षांत कळले. दहापैकी नऊ हल्लेखोर मारले गेले होते. दहावाही मेला असता तर १६६ जणांच्या हत्येचे धागेदोरे फोनवरच्या संभाषणांवर आणि सापडलेल्या वस्तूंवरच तोलावे लागले असते. कसाब जिवंत होता. त्याचे गाव, त्याचे प्रशिक्षण, बोटीचा प्रवास हे सारे त्याच्याच तोंडून बाहेर आले. सुरुवातीला हात झटकणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर रीतसर खटला चालला, आरोपीला वकील मिळाला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. एवढ्या संतापाच्या काळातही देशाला कायद्याची वाट सोडावी लागली नाही. तिची पहिली पायरी लाठीधारी सहायक फौजदाराने रचली होती.

हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रे, सराव आणि वरिष्ठांच्या समन्वयातील उणिवा दाखवल्या. २००९ मध्ये ‘फोर्स वन’ हे खास पथक उभे राहिले. ते हवेच होते. पण खास पथक पोहोचायला वेळ लागतो, आणि पहिली गाठ पडते ती नाक्यावरच्या शिपायाशी. त्याच्या अंगावर कोणते जाकीट आहे, त्याने शेवटचा गोळीबार सराव कधी केला, सलग किती तास तो उभा आहे, हे प्रश्न सातारा-कोल्हापूर महामार्गावरच्या नाकाबंदीलाही तितकेच लागू आहेत.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. शास्त्रज्ञांनी वाहिलेली ही आदरांजली पुतळ्याइतकीच टिकाऊ ठरावी. केडंबे येथील स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. एवढ्या खर्चातून केवळ दगडी चौथरा आणि उद्‌घाटनाची कोनशिला उभी राहू नये. त्या रात्रीची नाकाबंदी कशी लावली होती, बिनतारी संदेश कसा पोहोचला, कोण कुठे उभा होता, आणि जिवंत पकडलेल्या आरोपीपासून न्यायालयापर्यंतचा तपास कसा गेला, हे तिथे नकाशे आणि कागदपत्रांसह मांडता येईल. तासगावजवळच्या तुरची येथे पोलिस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या प्रत्येक तुकडीचा एक दिवस केडंब्यात घालवण्याची तरतूद अभ्यासक्रमातच करावी.