फलकावरची तीस दिवसांची नोटीस

भोकरदनमधल्या हिंदू मुलीला आणि मुस्लीम मुलाला धर्म न बदलता लग्न करायचे असेल, तर १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि ती फलकावर लागते. हरकतींना मुदत तीस दिवसांची. फसवणूक टाळायला एवढे हवेच, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण हरकतीची कारणे कायद्यानेच ठरवून दिली आहेत: वय, आधीचा जोडीदार, निषिद्ध नाते, मानसिक क्षमता. त्यात धर्म नाही. फलकावर मात्र लोक नेमका तोच शोधतात. तालुक्याच्या गावात अशी बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही! अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. इथला फलक मात्र तसाच राहिला.