निर्यातीचा डंका आणि आरक्षणाला सुरुंग

सिद्धेश्वर धरणाखालच्या शेतात ट्रॅक्टर फिरतो तो डिझेलवर. तिथल्या शेतकऱ्याला, शेतमजुराला तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या निर्यातीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे दुहेरी आहे. एक डिझेलचे, दुसरे नोकरीचे!

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि ते शुद्ध करून पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो. या निर्यातीत खासगी कंपन्या पुढे आहेत. १९९९ साली सुरू झालेला रिलायन्सचा जामनगर प्रकल्प समुद्रकाठी, अवाढव्य. स्वस्त, जड, गंधकयुक्त तेलही तेथे शुद्ध होते. माहुलचे सरकारी कारखाने मुळात १९५४-५५ सालचे, मुंबईच्या वस्तीने वेढलेले. देशाची गरज भागविणे हे त्यांचे पहिले काम. दोघांना एकाच तराजूत तोलून 'सरकारी कारखाने स्पर्धेत टिकत नाहीत, विकून टाका' म्हणणे हा कोणता न्याय?

२०२२ साली जगात डिझेल महागले, देशात दर गोठले. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी एप्रिल ते जून या तिमाहीत मिळून १८,४८० कोटींचा तोटा सोसला. खासगी कंपन्यांना निर्यातीत नफा दिसला. अखेर १ जुलै २०२२ रोजी केंद्राला डिझेल निर्यातीवर लिटरमागे १३ रुपये कर लावावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये तो उठविला.

आता कायद्याची गोष्ट. संसदेच्या संमतीशिवाय एचपीसीएल, बीपीसीएलचे खासगीकरण करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये दिला. कारण त्यांचे राष्ट्रीयीकरण संसदेच्या कायद्याने झाले होते. २०१६ साली 'कालबाह्य' म्हणून ते कायदेच रद्द केले गेले! नोव्हेंबर २०१९ मध्ये बीपीसीएल विकण्याचा निर्णय झाला. पुरेसे खरेदीदार उरले नाहीत म्हणून मे २०२२ मध्ये तो मागे घेतला. म्हणजे धोका टळला, संपला नाही.

सरकारी कंपनीत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण आहे. कंपनी खासगी झाली की ते बंधन संपते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले होते.

निर्यातीला आमचा विरोध नाही. परकीय चलन देशाला हवेच. सरकारी कारखान्यांचे आधुनिकीकरण करा, त्यांनाही निर्यातीत उतरवा. पण विक्रीचा निर्णय संसदेसमोरच झाला पाहिजे आणि आरक्षण शाबूत राहिले पाहिजे. हिंगोलीच्या आयटीआयमधून निघणाऱ्या आमच्या पोरांसाठी रिफायनरीचे दार बंद होत असेल, तर ती स्पर्धाक्षमता कोणाची? समाजाने हा प्रश्न आपापल्या खासदाराला विचारलाच पाहिजे!