नाव लावले म्हणजे वाटा झाला नाही

गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर



कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसायला आपण कधी मागेपुढे पाहिले नाही. ज्वारीचा उत्पादन खर्च काढून सरकारच्या तोंडावर हिशेब फेकला. पण आपण गेल्यावर आपल्याच घरात काय होणार, हा हिशेब किती जणांनी मांडला आहे? बैठकीला येणाऱ्या बायाबापड्यांची कागदाची पिशवी उघडली की उत्तर मिळते. पासबुकावर नॉमिनी म्हणून कधीच वारलेला बाप. विम्यावर वेगळा झालेला भाऊ. सातबाऱ्यावर अजून आजोबाच.

खाते उघडताना काउंटरवरचा माणूस विचारतो, नॉमिनी कोण लावू? मागे रांग असते. आपण तोंडाला येईल ते नाव सांगतो. पुढे माणूस जातो. ज्याचे नाव तो म्हणतो, पैसा माझा. विधवा म्हणते, माझ्या लेकरांचा. तेराव्यापर्यंत दोन चुली होतात आणि तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू होतात. वकिलाची फी मात्र दोन्ही चुलींतून जाते.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे उचलणारा हात आहे. ते पैसे वारसांचे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 सालीच सांगितले होते. तरीही भांडण मिटले नाही. भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयचे जयंतराव साळगांवकर 2013 साली वारले. मृत्युपत्र करून गेले होते. तरी शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवर लावलेले नॉमिनी मोठे की वारस मोठे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला : नॉमिनी लावल्याने वारसाहक्क बुडत नाही. एवढ्या जाणत्या घराला दहा वर्षे लागली. तीन एकर कोरडवाहूवाल्याने किती वर्षे काढायची?

आयुर्विम्यात आणखी एक गाठ आहे. 2015 साली कायदा बदलला. आईबाप, नवरा-बायको किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर ते नुसते पैसे उचलणारे नाहीत, लाभाचे हक्कदार आहेत, असे त्यात लिहिले. आता लग्नाआधी पॉलिसी काढणाऱ्या पोराचा विचार करा. नॉमिनी आई. लग्न झाले, मूल झाले, नाव बदलायचे राहिले, पोरगा गेला. शेजारच्या कर्नाटक उच्च न्यायालयापुढे नेमके असेच प्रकरण आले. तिथे 2025 साली आई, बायको आणि मूल या तिघांना एक-एक तृतीयांश मिळाले. पण कलमाचा शब्द आईच्या बाजूने वाचणारे वकीलही कमी नाहीत. सासू आणि सून एकमेकींविरुद्ध पिंजऱ्यात उभ्या राहाव्यात, याला कारण काय? न भरलेला एक फॉर्म.

इकडे गडमुडशिंगीच्या पट्ट्यात ऊस आहे, कारखान्याचे शेअर आहेत, दूध संस्थेचे सभासदत्व आहे. भांडण त्यावरून होते. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी; भांडण विम्यावरून, अपघाताच्या मदतीवरून आणि जमिनीवरून होते. सातबाऱ्यावर नॉमिनीचा रकानाच नाही. खातेदार वारला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसाची वर्दी द्यायची, असे जमीन महसूल कायदा सांगतो. ती दिली नाही की पीककर्ज अडते, अनुदान अडते. आणि विधवा आपल्याच बांधावर परकी होते.

आता घरातले कडू बोलतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या वाट्याला आई, विधवा, मुलगे आणि मुली सारखेच हक्कदार. मुसलमान, ख्रिस्ती भावांचे कायदे वेगळे आहेत, पण बाईचा वाटा तिथेही आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्राने 1994 सालीच मान्य केला. 2005 साली तो देशभर झाला. मग वारस नोंद करताना बहिणीचे नाव गाळतो कोण? साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतो कोण? बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिचा मान तिला. पण तिला विचारायच्या आधीच कागद तयार असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. सरकार आपल्याला लुटते म्हणून ओरडणाऱ्याने घरात तेच करू नये.

ही भाषा चळवळीला नवी नाही. शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. कोर्टाने बजावले म्हणून नव्हे, तर आपणहून शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा कारभारणीच्या नावे केला. ते काम अर्धे राहिले आहे.

तेव्हा गावी परतल्यावर चार कामे करा. एक, प्रत्येक पासबुक आणि पॉलिसी काढून नॉमिनी तपासा, मेलेल्याचे नाव काढा, बायकोशी बोलून नवे घाला. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. दोन, वारस नोंद राहिली असेल तर बहिणींच्या नावांसह वर्दी द्या. तीन, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. चार, कागद कुठे ठेवले ते घरात सांगा.

यातल्या कशालाही आंदोलन लागत नाही. एक दिवस लागतो. पुढच्या बैठकीला येताना हे झाल्याचे सांगा. भावाचा लढा आहेच. पण लढून मिळवलेला पैसा आपल्या पाठीमागे कोर्टाच्या पायरीवर सांडू नये.