दोर फांदीला बांधता, मग माणसाला का नाही?

मे संपत आला की छत्रपती संभाजीनगरात फांद्या छाटायची घाई उडते. वळवाच्या वावटळीत फांदी तारेवर आली की अख्खी कॉलनी अंधारात, म्हणून त्याआधी उरकायचं असतं. अशा वेळी सिडकोत किंवा छावणीत मान वर करून बघा. पायात स्लीपर, कमरेला खोचलेला कोयता आणि तीस-चाळीस फुटांवर मोकळा माणूस. दोर असतो, पण तो फांदीला! ती खालच्या गाडीवर पडू नये म्हणून.

मी प्रस्तरारोहण शिकवते. अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा हे जिल्ह्यातले किल्ले आमच्या मुलामुलींना पाठ आहेत. प्रुसिक, हार्नेस, कॅराबिनर हे शब्द त्यांच्या तोंडी सहज असतात. माझं म्हणणं एवढंच, की या मंडळींनी आता दोर लावून झाडावर चढण्याचा छंद रीतसर सुरू करावा. मी मुद्दाम छंद म्हणतेय. सुरक्षिततेचं परिपत्रक निघालं तर ते कपाटात जातं. रविवारी लोक हौसेने शिकतात ते मात्र टिकतं, आणि पाहणाऱ्यालाही आपसूक कळतं.

झाडावर चढणं आपल्याला परकं नाही. सूरपारंब्या खेळून हातपाय खरचटलेली पिढी अजून आहे. शेवग्यावर चढू नको, असं प्रत्येक आजी सांगायची, कारण त्याचं लाकूड ठिसूळ. झाडावर चढण्याचा पहिला धडा तोच आहे: आधी लाकूड ओळखा. चिंच चिवट, गुलमोहर दगाबाज. सुट्टीच्या दिवशी दोर लावून झाडावर जायची रीत अमेरिकेत पीटर जेन्किन्स यांनी 1983 मध्ये अटलांटात संस्था काढून रुजवली. त्याच सुमारास नलिनी मोरेश्वर नाडकर्णी ही तरुण संशोधक वॉशिंग्टन राज्यातल्या पावसाळी जंगलात दोराने झाडांवर चढत होती. वडील भारतातून तिकडे गेलेले, आई ब्रुकलिनची ज्यू. मोठी झाडं आपल्याच फांद्यांवर साचलेल्या शेवाळाच्या गाद्यांत मुळं सोडतात, हे तिने वर जाऊन पाहिलं आणि 1981 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. खाली उभं राहून हे कुणाला दिसलं नसतं.

पुढे 2015 मध्ये नाडकर्णीबाई अशाच एका झाडावरून सुमारे पन्नास फूट खाली कोसळल्या. मणके, बरगड्या मोडल्या, तरी त्या वाचल्या. काही जण हा दाखला देऊन म्हणतात, बघा, दोर असूनही पडल्या. मला त्यातून उलट दिसतं. आयुष्य झाडांवर घालवलेल्या, साधनं नीट ठाऊक असलेल्या बाईंवर ही पाळी येते, तर स्लीपर घालून चढणाऱ्याला आपण कशाच्या भरवशावर वर पाठवतो?

आमच्या गिर्यारोहकांनाही एक गोष्ट नव्याने शिकावी लागेल. दगडावर दोर असतो तो पडल्यावर झेलायला, म्हणून तो ताणला जाणारा घेतात. झाडावर दोर सारखा तुमचं वजन पेलत असतो. त्यात ढील येऊ द्यायची नाही आणि जिथे तो अडकवला त्याच्या वर चढायचं नाही. म्हणून इथे कमी ताणणारा दोर लागतो. शिवाय दगडातला बोल्ट हलत नाही, झाड मात्र वाऱ्यावर सगळं हलतं.

रीत तशी साधी. बारीक दोरीला छोटी वजनाची पिशवी बांधून ती खोडालगतच्या जाड, जिवंत फांदीवरून पलीकडे फेकायची. फेक पहिल्यांदा क्वचितच जमते, हसं होतं, होऊ द्यावं. मग त्या दोरीने मुख्य दोर वर ओढायचा. कुणीही जमीन सोडण्याआधी दोघांनी मिळून त्याला लटकून बघायचं. फांदीची साल सोलू नये म्हणून दोराला पट्टा किंवा नळी लावायची. वर सरकताना प्रुसिक किंवा ब्लेक हिच, म्हणजे दोरावर सरकणारी पण वजन आलं की घट्ट बसणारी गाठ. फांदी ओलांडायची असेल तर दुसरा छोटा दोर खोडाभोवती अडकवायचा, मगच पहिला सोडायचा. हातात कोयता किंवा करवत असेल तर दोन ठिकाणी अडकलेलं असायलाच हवं, कारण पातं आपल्याच दोरावर फिरायला क्षण पुरतो.

उन्हाळ्यात आपली मुलं मनाली, उत्तरकाशीला जातात, तिथे देवदार आणि चीड भेटतात. देवदाराच्या फांद्या खालपासून थरांनी निघतात, शिडी लावून ठेवावी तशा, आणि तिथेच घात होतो. दोराशिवाय सहज वर जाता येतं, म्हणून माणूस जातो. दाट रानातल्या देवदाराच्या खालच्या फांद्या बऱ्याचदा वाळलेल्या असतात आणि बुडातून मोडतात. फेकलेली दोरी दाट फांद्यांत अडकून बसते. म्हणून अशा झाडावर दोन छोटे दोर आळीपाळीने खोडाभोवती घालत वर जायचं. दोराचा आधार (अँकर) एकट्या फांदीला न लावता जिवंत फांदीच्या वर, खोडाभोवतीच घ्यायचा. खोड चार इंचांहून बारीक झालं की थांबायचं, शेंडा दिसत असला तरी. चिडाची राळ दोराला लागली की गाठ सरकत नाही, त्यासाठी जुना दोर वेगळा ठेवावा. आणि मनालीतल्या हिडिंबा मंदिराभोवतीचे देवदार देवीचे आहेत, तिथे फोटो काढून परत यावं.

झाडालाही माणसाइतकंच जपायला हवं. काटे लावलेले बूट, खिळे, साल तासणं, हे छंदात अजिबात नको. जगातलं सर्वांत उंच झाड, कॅलिफोर्नियातला हायपेरियन नावाचा सुमारे 116 मीटरचा रेडवूड, बघायला लोक इतके लोटले की 2022 मध्ये तिकडचा परिसर बंद करून मोठ्या दंडाचा इशारा द्यावा लागला. आपल्याकडे 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 ला दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आहे. म्हणून शहरातल्या हिमायतबागेतली जुनी झाडं सरावाला मुळीच घेऊ नयेत. त्या कायद्याचा सगळा रोख मात्र झाडं तोडणं, लावणं, मोजणं यांवर आहे. वर चढणाऱ्याची काळजी दुसऱ्या कुणीतरी वाहायची.

मी एकदा छाटणी करणाऱ्या एका मामांना हार्नेस दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आवडलाही. मग म्हणाले, “ताई, चांगलंय. पण आम्हाला पैसे झाडामागे मिळतात. दोर बांधत बसलो तर दिवसाला दोन झाडं बी व्हायची नाहीत.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते गिर्यारोहण क्लबकडेही नाही. उत्तर ठेक्यात आहे. छाटणीच्या निविदेत दोर, हेल्मेट आणि प्रशिक्षित माणूस ही अट महापालिकेने घालावी आणि मजुरी झाडामागे न देता दिवसावर द्यावी. तारांजवळच्या झाडावर महावितरणने वीज बंद केल्याचं कळल्याशिवाय कुणी चढू नये, हेही त्यातच लिहावं.

पहिला वर्ग एखाद्या शाळेच्या मैदानातल्या चिंचेवर, थंडीत घ्यावा. आधी दुर्बिणीने आग्या मोहोळ आहे का ते पाहावं. असेल तर झाड बदलावं, धूर करू नये. वर्गातल्या निम्म्या जागा छाटणी करणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना रोख द्यावी. नाहीतर ते येणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.